सेशेल्समध्ये प्रायव्हेट कॅटामरान : सूर्योदय-सूर्यास्त बघायला जाताय तर नांगर कुठे पडणार ते आधी विचारा

आधी निकालच सांगून टाकते, पैसे वसूल झाले आणि ते स्किपरमुळे, म्हणजे बोटीच्या कप्तानामुळे झाले. बोट छान होती (कॅटामरान म्हणजे दोन तळ शेजारी शेजारी जोडलेली बोट), जेवण छान होतं, त्या दोन तळांमध्ये पुढे ताणलेल्या जाळीवर लोळणं वगैरे सगळं जाहिरातीत दाखवतात तसंच होतं, पण प्रायव्हेट यॉट घेऊन माणूस एवढ्या लांब जातो ते मुख्य म्हणजे सकाळ आणि संध्याकाळ या दोन वेळांसाठी, मधल्या दुपारी काय, ऊन असतं, पोहायचं आणि सावलीत पडायचं. आणि त्या दोन वेळांना बोट नेमकी कुठल्या बेटाच्या कुठल्या बाजूला उभी आहे यावर सगळं ठरतं, हे बुकिंग करताना कोणी विचारत नाही आणि कंपन्या स्वतःहून सांगत नाहीत. म्हणून हा रिव्ह्यू मी मुद्दाम त्याच अंगानं लिहितेय, केबिन केवढी न् बाथरूम कसं ते शेवटी थोडक्यात येईलच.

आम्ही म्हणजे मी, नवरा, मुलगी आणि सासू-सासरे. सेशेल्सची आतली ग्रॅनाइटची बेटं, म्हणजे माहे, प्रास्लिन, ला डीग आणि आजूबाजूची बारकी बारकी. माहेच्या पूर्व किनाऱ्याला ईडन आयलंडच्या मरीनातून निघायचं आणि तिथंच परत यायचं. बोट शिडाची कॅटामरान, सोबत स्किपर आणि एक होस्टेस जी स्वयंपाकही करते. स्वतः चालवायची असेल तर बेअरबोटही मिळते, त्याला अनुभव आणि लायसन्स लागतं, पण मला विचाराल तर सूर्य बघायला गेलेल्या माणसानं सुकाणू दुसऱ्याच्या हातात द्यावं. महिना जुलै होता, म्हणजे आग्नेयेकडून वारा वाहायचा सीझन, आणि हा वारा नीट लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

तर गंमत अशी की सेशेल्सच्या या बेटांवर मे ते सप्टेंबर आग्नेय वारा असतो आणि डिसेंबर ते मार्च वायव्येकडून. रात्री शांत झोप हवी तर बोट वाऱ्याच्या आडोशाला लावावी लागते, म्हणजे जुलैत बेटाच्या वायव्य-पश्चिम अंगाला. तिकडे लावली की सूर्यास्त समोर, एकदम मोकळा, पण सकाळी मागे अख्खा डोंगर उभा, सूर्य डोंगरावरून डोकं काढेपर्यंत ऊन चांगलं कडक झालेलं असतं. उलट सूर्योदय बघायचा तर पूर्वेच्या बाजूला जावं लागतं आणि तिकडे वारा अंगावर, लाटा अंगावर, रात्रभर बोट डुलत राहणार. म्हणजे एकाच मुक्कामात दोन्ही सूर्य मोकळे मिळणं जवळपास अशक्य असतं. आणि रात्री बोट हलवू म्हणाल तर बेअरबोटला अंधारात चालवायची परवानगी नसते आणि स्किपर असला तरी शहाणा स्किपर प्रवाळाच्या पाण्यात काळोखात नांगर उचलत नाही.

आम्हाला बुकिंग ऑफिसकडून जी आयटिनरी आली होती त्यात मात्र दर मुक्कामासमोर 'सनसेट व्ह्यू' आणि 'सनराइज व्ह्यू' दोन्ही लिहिलेलं, आणि पहिली रात्र सेंट ॲन मरीन पार्कमध्ये. आता हे पार्क माहेच्या पूर्वेला, १९७३ साली झालेलं, बेटं सुंदर, पाणी सुंदर, पण पश्चिमेला माहेची डोंगररांग आणि त्यात मोर्न सेशेल्वा ९०५ मीटरचा. तिथं सूर्य समुद्रात मावळत नाही, डोंगरामागे जातो आणि तोही खऱ्या सूर्यास्ताच्या बराच आधी. सासऱ्यांनी खुर्ची-बिर्ची मांडून जागा धरलेली, आणि बघता बघता सावली आली न् ऊन गेलं. ते म्हणाले, "संपलं? एवढंच?" मला फार वाईट वाटलं कारण या ट्रिपची हौस सगळ्यात जास्त त्यांनाच होती. नंतर कळलं की तीच आयटिनरी जानेवारीतल्या गिऱ्हाइकालाही जाते आणि जुलैतल्यालाही. हे मला अजिबात पटलेलं नाही. वारा उलटा, सूर्य उगवण्या-मावळण्याची जागा वेगळी, आणि कागद तोच. ऑफिसचे मार्क मी याच्यासाठी कापलेत.

पण स्किपरनं ते त्याच रात्री सुधारलं. जेवण झाल्यावर त्यानं टेबलावर चार्ट म्हणजे समुद्राचा नकाशा पसरला, अगदी कागदाचा, टॅब बाजूला ठेवून, आणि बाबांना म्हणजे माझ्या सासऱ्यांनाच शेजारी बसवून विचारलं की तुम्हाला उगवता जास्त आवडतो की मावळता. बाबा म्हणाले उगवता. आई म्हणजे सासूबाई म्हणाल्या मावळता. मग त्यानं पेन्सिलीनं बेटाबेटाच्या कडेला खुणा केल्या, ही रात्र आईंची, ही रात्र बाबांची, मधे एखादी अशी जिथं दोघांनाही थोडं थोडं. अख्खी आयटिनरी अर्ध्या तासात बदलली. प्रायव्हेट चार्टरचा, म्हणजे अख्खी बोट भाड्यानं घेण्याचा, खरा अर्थ मला तेव्हा समजला, शेअर्ड बोटीवर किंवा दोन तासांच्या सनसेट क्रूझवर हे कोणी तुमच्यासाठी करणार नाही, तिथं बोट ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जाते आणि सूर्याची तबकडी बुडाली रे बुडाली की इंजिन चालू करून परत फिरते.

आता ते 'बुडाली की परत' याबद्दल थोडं बोलते कारण लोकं तिथंच सगळ्यात जास्त गमावतात. सेशेल्स विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम ४-५ अंशांवर आहे. त्यामुळे सूर्य जवळजवळ सरळ उभा खाली येतो, उत्तरेकडच्या देशांत उन्हाळ्यात तो जसा क्षितिजाला घासत तिरका तिरका जातो तसा नाही. कडेला टेकल्यापासून पूर्ण दिसेनासा व्हायला दोन मिनिटांपेक्षा थोडाच जास्त वेळ लागतो. आणि त्यानंतर उजेड उरतो वीस-बावीस मिनिटं, मग रात्र. वर्षभर वेळही फारशी बदलत नाही, उगवायचं सहा ते साडेसहाच्या आसपास आणि मावळायचं संध्याकाळी सव्वासहा ते पावणेसातच्या दरम्यान धरून चाला, नोव्हेंबरात थोडं आधी. म्हणजे तुम्ही आंघोळ करून, कपडे बदलून, केस वाळवून 'जाऊ निवांत वर' असं म्हटलंत तर वर येईपर्यंत खेळ आटोपलेला असतो. सव्वापाच-साडेपाचला पोहणं बंद करा, पाणी अंगावरून निथळू द्या आणि बसा.

आईंची पहिली रात्र आन्स लाझियोला होती, प्रास्लिनच्या वायव्य टोकाजवळचा किनारा. दिवसा तिथं भरपूर माणसं असतात, बोटीही असतात, पण दुपार कलली की दिवसाच्या बोटी निघून जातात आणि मुक्कामाच्या तेवढ्या राहतात. स्किपरनं बोट जरा बाहेरच्या अंगाला लावली, किनाऱ्यापासून लांब, कारण जुलैत सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, उत्तरेकडे सरकलेला असतो, आणि आत लावलं असतं तर खडकांचं टोक आडवं आलं असतं. डिंगीनं, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीनं, किनाऱ्यावर जायला पाच-दहा मिनिटं जास्त लागली, आमची कोणाचीच तक्रार नव्हती.

आणि इथं मला एक गोष्ट कळली जी कुठल्याच रिव्ह्यूमध्ये वाचली नव्हती. नांगरावरची बोट दाव्याला बांधलेल्या गुरासारखी त्या साखळीभोवती फिरते आणि तोंड कायम वाऱ्याकडे करते. म्हणजे आग्नेय वाऱ्यात तिचं नाक आग्नेयेला आणि पाठ वायव्येला. जुलैत सूर्य मावळतो पश्चिम-वायव्येला, म्हणजे बरोबर मागच्या कॉकपिटमधून, जेवायच्या टेबलावरून समोर. आणि सकाळी उगवतो पूर्व-ईशान्येला, म्हणजे डाव्या अंगाला, पुढच्या जाळीवर बसलं की डावीकडे मान वळवून दिसतो. संध्याकाळी मागे बसा, सकाळी पुढे बसा, इतकं साधं. वायव्य वाऱ्याच्या सीझनला सगळं उलटं, तेव्हा सूर्योदय मागून आणि सूर्यास्त पुढच्या डाव्या अंगाला. एप्रिल आणि नोव्हेंबरात वारा पडलेला असतो तेव्हा बोट प्रवाहाबरोबर कुठंही तोंड करते, मग खुर्ची उचलून फिरत बसायचं. जाहिरातीतले सगळे फोटो त्या पुढच्या जाळीवर बसून सूर्यास्त बघतानाचे असतात ना, तर जुलैत तिथं बसलात तर सूर्याकडे पाठ होते.

तर आन्स लाझियोची ती संध्याकाळ. क्षितिजावर ढगांची एक बारीक रांग होती, आग्नेय वाऱ्यात ती बरेचदा असते, कापसाचे छोटे छोटे ढग ओळीनं, आणि काही संध्याकाळी सूर्य समुद्राला टेकायच्या आधीच तिच्यात जातो, याची तयारी ठेवा, पैसे भरले म्हणून आभाळ मोकळं होत नाही. त्या दिवशी मात्र रांगेच्या खाली एक फट होती. सूर्य ढगात गेला, आम्ही सगळे 'गेला' म्हणालो, आणि मग तो खालच्या फटीतून परत बाहेर आला, लालभडक, रुंदीला पसरलेला आणि उंचीला दबलेला. खालची कड पाण्याला लागली. मुलीला स्किपरनं आधीच काहीतरी सांगून ठेवलेलं, ती मागच्या पायरीवर, अगदी पाण्याच्या पातळीला बसलेली. वरचा शेवटचा ठिपका गेला तशी ती ओरडली "गेला!" आणि जिन्यावरून धावत वर फ्लायब्रिजवर, म्हणजे वरच्या उघड्या मजल्यावर गेली, आणि वरून परत ओरडली "अजून आहे! आई, अजून आहे!" खरंच होता. माणूस जितका उंच तितकं क्षितिज लांब जातं, पाण्याजवळ बसलेल्याला ते तीन-साडेतीन किलोमीटरवर असतं आणि पाच मीटर उंचीवरून आठेक किलोमीटरवर, त्यामुळे वरच्याला सूर्य दहाएक सेकंद जास्त दिसतो. पोरीनं धावत जाऊन तीन-चार सेकंदांचा दुसरा सूर्यास्त कमावला. दुसऱ्या दिवसापासून तिचा बाबाही तिच्याबरोबर पायरीवर बसायला लागला.

आई उठायला लागल्या. स्किपरनं हातानंच थांबा म्हणून खूण केली आणि मागे पूर्वेकडे बोट दाखवलं. सूर्य पश्चिमेला बुडाल्यावर पाचेक मिनिटांनी पूर्वेच्या आभाळात खालून एक निळसर-करडा पट्टा वर चढायला लागतो आणि त्याच्या वर गुलाबी पट्टा असतो. तो निळा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली, वातावरणावर पडलेली. आमच्या पूर्वेला प्रास्लिनचा डोंगर होता तरी दोन टेकड्यांच्या मधल्या खळग्यातून तो थोडा दिसला, आणि बाबा, जे इतका वेळ गप्प होते, ते पूर्ण वळून बसले आणि म्हणाले इतकी वर्षं सूर्यास्त बघितले, पाठीमागे कधी बघितलंच नाही. पश्चिमेला तोवर खरे रंग आले, कारण वरच्या पातळ ढगांना खालून उजेड लागतो तो सूर्य गेल्यावरच. त्याच उजेडात प्रास्लिनच्या झाडांतून वटवाघळं निघाली, फळं खाणारी मोठी, एकेक करून, सावकाश पंख मारत बोटीच्या वरून गेली, आणि उडताना त्यांच्या पंखांची कातडी मागच्या केशरी उजेडात अर्धवट पारदर्शक दिसत होती, आतली बोटांची हाडं मोजता येतील इतकी. हे बघायला वीस मिनिटं नुसतं बसायचं असतं, एवढंच.

आता सकाळ. आन्स लाझियोला डोंगरामुळे सूर्योदय नाही मिळणार हे माहीत होतं, तरी बाबा उठलेच, आणि मीही उठले. आणि तिथं आदल्या संध्याकाळचं उलटं चाललेलं, पश्चिमेला समुद्रावर तोच गुलाबी पट्टा आणि खाली निळी सावली, पण आता ती खाली उतरत उतरत समुद्रात जात होती. सावली पाण्यात गेली म्हणजे डोंगरामागे सूर्य उगवला, न बघता कळतं. ज्यांच्या नशिबी पश्चिमेचा मुक्काम येईल त्यांनी सकाळी झोपून राहू नका, पश्चिमेकडेच बघा.

बाबांची रात्र मग कोत दोरला. प्रास्लिनचा ईशान्येचा किनारा, समोर क्यूरियूज बेट, मधे सें पिएर नावाचा खडकांचा एवढासा पुंजका, त्यावर थोडी नारळाची झाडं. जुलैत तिथून पूर्वेला सिस्टर्स नावाची जोड बेटं आणि त्यांच्या उजवीकडे फेलिसिते दिसतं, आणि सूर्य सिस्टर्सच्या किंचित डाव्या अंगाला, मोकळ्या समुद्रातून वर येतो. रात्री बोट थोडी हलली, खोटं सांगणार नाही, आईंना झोप नीट लागली नाही. पण सकाळी पावणेसहाला वर आलो तेव्हा जाळी दवानं आणि खाऱ्या पाण्यानं ओली, त्यावर आधीच टॉवेल पसरलेले, होस्टेसनं न सांगता. अंधार होता. मग पूर्वेला आधी राखाडी, मग पिवळट, आणि बेटांच्या कडा कात्रीनं कापल्यासारख्या ठळक. सूर्योदयाचं एक आहे, तो कुठून येणार हे शेवटच्या क्षणापर्यंत नक्की कळत नाही, आपण एका जागी टक लावून बसतो आणि तो हातभर बाजूला निघतो. स्किपरनं कंपास बघून बाबांना बोटानं जागा दाखवून ठेवली होती. बाबा तिथंच बघत होते. पहिला ठिपका दिसला तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, नुसते हात जोडले. मुलगी झोपाळलेली, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली. सें पिएरच्या खडकांच्या एका बाजूनं गुलाबी रंग चढत गेला, इथलं ग्रॅनाइट मुळातच थोडं गुलाबीसर असतं, आणि पहिल्या उन्हात ते आतून तापल्यासारखं दिसतं, पाचेक मिनिटंच, मग साधा खडक.

आणि नेमका त्याच वेळी खालून जनरेटर चालू झाला. ही माझी दुसरी आणि खरी मोठी तक्रार. बोटीचा एसी, पाणी गोडं करायचं मशीन, बॅटरी चार्जिंग हे सगळं जनरेटरवर, आणि कंपनीनं क्रूला वेळापत्रक दिलेलं होतं की पहाटे सहा ते आठ जनरेटर. घरघर तर येतेच, वर डिझेलचा वास, आणि जाळीवर बसलं की पायाला थरथर जाणवते. ग्रॅनाइटच्या बेटांमध्ये सूर्य उगवतोय, पक्ष्यांचा पहिला आवाज येतोय आणि त्यावर ही घरघर. स्किपरला सांगितलं तर तो लगेच खाली जाऊन बंद करून आला, आणि त्यानंतर रोज नाश्त्यानंतर आणि दुपारी लावायला लागला. मग हे आधीच का नाही? कंपनीनं वेळापत्रक ठरवताना गिऱ्हाईक यॉटवर कशासाठी येतं याचा विचार करायला हवा होता. तुम्ही बुक करताना हे लिहूनच घ्या की सकाळी साडेपाच ते सात आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात जनरेटर बंद. सोलर आणि लिथियम बॅटरीवाली बोट मिळत असेल तर केबिन थोडी लहान असली तरी ती घ्या. आणि जुलैत रात्री एसी लागतच नाही, वरची झडप उघडी ठेवली की वारा येतो, फक्त मधेच दोन मिनिटांची सर येते तेव्हा उठून बंद करावी लागते.

तसंच पाण्याखालचे निळे दिवे. संध्याकाळ पडली रे पडली की शेजारच्या काही बोटींवर लावतात, आमच्याही बोटीला होते. फोटोला बरे दिसतात, पण डोळ्यांना तो झगमगाट लागला की आभाळातला उरलेला रंग दिसेनासा होतो आणि नंतर चांदण्याही. आम्ही ते आणि कॉकपिटचे दिवेही अर्धा तास बंद ठेवायला सांगितलं, नांगरावर असताना डोलकाठीवरचा पांढरा दिवा तेवढा नियमानं लावावाच लागतो, तो असतो उंच, त्रास होत नाही.

ला डीगबद्दल थोडं. आन्स सूर्स दार्जां हा तिथला तो प्रसिद्ध किनारा, मोठमोठे गोलाकार ग्रॅनाइटचे खडक असलेला, पश्चिमेला तोंड करून आहे, पण समोर उथळ प्रवाळ असल्यामुळे यॉट जवळ जाऊच शकत नाही. बोट ला पासच्या बाजूला राहते आणि तुम्ही सायकलनं नाहीतर चालत जाता. लोकांना वाटतं यॉटवरून तो किनारा समोर दिसेल, तसं नाहीये. आणि ला डीगच्या पश्चिमेला प्रास्लिन आडवं येतं म्हणून सूर्य समुद्रात नाही, प्रास्लिनच्या डोंगरावर मावळतो. तरी तो मला आवडला, डोंगराच्या कडेमागून किरणं पंख्यासारखी फाकतात आणि मधल्या खाडीसारख्या पाण्यात सगळा सोनेरी पट्टा येतो. त्या संध्याकाळी स्किपरनं शीड उभारलं आणि सूर्य मावळेपर्यंत नुसतं त्या पाण्यात इकडून तिकडे नेलं, इंजिन बंद, पाण्याचा सळसळ आवाज तेवढा, आणि उजेड असेपर्यंत परत नांगरावर. माझ्या नवऱ्याला ही संध्याकाळ सगळ्यात भारी वाटली. मला आन्स लाझियोची.

क्यूरियूजला दिवसा जाऊन आलो, आल्दाब्रा जातीची महाकाय कासवं मोकळी फिरतात, मुलगी तिथून निघायलाच तयार नव्हती. व्हाले द मे, जिथं कोको द मेर नावाचे ते प्रचंड नारळ आहेत, ते १९८३ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, बघाच, पण त्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहे. पार्कांची फी आपल्या चार्टरच्या रकमेत आहे की वेगळी ते आधी विचारा, आमची वेगळी होती आणि ती रोज थोडी थोडी जमा होत बरीच झाली. मोठ्या क्रूवाल्या यॉटवर चार्टर फीच्या वर खाणंपिणं, डिझेल, बंदर यासाठी आगाऊ रक्कम ठेवायची पद्धत असते, साधारण २० ते ३५ टक्के, हिशोब शेवटी होतो आणि उरलेलं परत मिळतं. लहान कॅटामरानला बरेचदा ठोक रक्कम असते.

वयस्कर माणसं नेणाऱ्यांसाठी, माहे ते प्रास्लिन हा टप्पा पंचवीसेक नॉटिकल मैलांचा आहे आणि आग्नेय सीझनला तो चांगलाच हलवतो, चार-पाच तास बाजूनं लाटा येतात. उलटीची गोळी निघायच्या आधी घ्यायची, लागायला लागल्यावर घेऊन काही होत नाही, आणि मागच्या कॉकपिटमध्ये क्षितिजाकडे बघत बसायचं, केबिनमध्ये जायचं नाही. आई पूर्ण रस्ता तशा बसल्या आणि व्यवस्थित राहिल्या. डिंगीतून किनाऱ्यावर उतरताना गुडघाभर पाण्यात पाय घालावा लागतो, गुडघे दुखत असतील तर ला डीगसारखे जेटी असलेले मुक्काम जास्त ठेवायला सांगा. कॅटामरानच्या मागच्या पायऱ्या मात्र सोप्या आहेत, एकाच तळाच्या शिडाच्या बोटीपेक्षा फारच सोप्या, आणि ती चालताना एका बाजूला फारशी झुकतही नाही, सकाळी अंधारात वर यायला म्हाताऱ्या माणसांना धरायला दोन्ही बाजूला दांडा असतो. समुद्र शांत हवा असेल तर एप्रिल किंवा नोव्हेंबर, वारा नसतो म्हणून शिडावर चालणं कमी आणि इंजिनवर जास्त होतं, पण तेव्हा पूर्व-पश्चिम दोन्ही बाजूंना मुक्काम करता येतो, आणि सूर्यासाठी जायचंय तर माझं मत त्याच महिन्यांना. ही बेटं चक्रीवादळांच्या पट्ट्याच्या बाहेर आहेत, त्यामुळे ती धास्ती नाही.

केबिन चांगल्या होत्या, पुढच्या दोन केबिनमध्ये रात्री पाण्याचा चपचप आवाज येतो, कानाला सवय होते. गोडं पाणी जपून वापरावं लागतं. जेवण रुचकर, होस्टेसनं आईंसाठी शाकाहारी वेगळं करून दिलं आणि दरवेळी विचारून दिलं. वायफाय बेटांच्या आड गेलं की तुटतं.

स्किपरला पाचपैकी पाच, होस्टेसला पाच, बोटीला चार, ऑफिसला दोन. परत जायचं ठरलं तर तोच स्किपर मिळत असेल तरच त्या कंपनीकडे जाईन, नाहीतर दुसरीकडे आणि मेलमध्ये सुरुवातीलाच तीन गोष्टी विचारेन, आम्ही येतोय त्या महिन्यात वारा कुठला, त्या वाऱ्यात कुठल्या मुक्कामावरून समुद्रातला सूर्योदय दिसतो आणि कुठून सूर्यास्त, आणि जनरेटर किती वाजता लावता. ज्या ऑफिसला पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बेटांच्या नावांसकट देता येतील तिथंच ॲडव्हान्स भरायचा.